दस्तरखानावरची ताकद, बाटलीतला दावा

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर बीडच्या बशीरगंज, कारंजा भागातला बाजार गजबजतो. खजूर, कलिंगड, गरम भज्यांच्या जोडीला आता ‘इम्युनिटी वाढवणारे’ कलौंजी तेल आणि हळदीच्या गोळ्याही खपतात. एका बाटलीत मजुराची दिवसभराची कमाई जाते. मग त्या बाटलीतून मिळते काय?

कलौंजीची महती हदीसमध्ये आली आहे. युनानी हकीम तिला ‘हब्बतुस्सौदा’ म्हणतात. लोणच्याच्या मसाल्यातले काळे दाणे तेच. त्यातला थायमोक्विनोन हा घटक प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतो. पण काचेच्या बशीतल्या पेशींवर जे घडते, ते माणसाच्या शरीरातही घडेलच असे नाही. आणखी एक सावधगिरी हवी. कांद्याचे बी दिसायला अगदी कलौंजीसारखे असते. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते, ते चुकूनही खाऊ नये.

हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्केच असते आणि तेही रक्तात फारसे उतरत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1998 मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. मिरीतले पायपरिन सोबत दिले, की कर्क्युमिन कितीतरी पटींनी जास्त शोषले जाते. सालनात हळद-मिरी एकत्र असतेच. गोळीत मात्र हीच ताकद जोखमीची ठरू शकते. पायपरिनमुळे इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढू शकते. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

मुळात प्रतिकारशक्ती जेवढी जास्त तेवढी चांगली, असे नसते. ती भरकटली की स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आमवात हा त्याचाच प्रकार. तिला भडकवायचे नसते, नीट पोसायचे असते.

ते पोषण इफ्तारच्या ताटातच आहे. उकडलेल्या हरभऱ्यावर लिंबू पिळले, की त्यातले क जीवनसत्त्व हरभऱ्यातले लोह शरीराला मिळवून देते. जेवणावर लगेच कडक चहा घेतला, तर चहातली टॅनिन्स तेच लोह अडवतात. दोन्ही घटक वनस्पतींचेच, पण एक देतो, दुसरा अडवतो. ऊसतोडीला जाणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या जिल्ह्यातल्या बायकांसाठी हा फरक मोठा आहे. मग त्या रोजा धरोत की एकादशी. चहा तासाभराने घेतला तरी चालतो.

मधुमेही रोजेदाराने तर अधिक जपावे. कलौंजीमुळे रक्तातली साखर थोडी उतरू शकते. औषधासोबत तिचे तेल घेतले, तर ती प्रमाणाबाहेर घसरण्याची भीती असते. म्हणून गोळ्यांची, इन्सुलिनची मात्रा आणि वेळ रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावी. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

कलौंजीचा मान मसाल्याच्या डब्यात आहेच. औषधाची जागा मात्र तिला देऊ नये. बाटलीचे पैसे वाचले, तर त्यात घरातल्या सगळ्यांसाठी हरभरे आणि लिंबे येतील.