मैत्री कायमची, टिकली १४ वर्षं!

नांदुऱ्याहून रोज गाडी पकडून अकोल्याला कॉलेजला जाता ना? मग त्याच जिल्ह्यातल्या अडगावचं नाव ऐकलं असेल. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे इंग्रजांनी नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या फौजेला हरवलं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ तारखेला देवगावचा तह झाला.

सनावळी आपण परीक्षेपुरती पाठ केली. पण कलमं वाचा, भारी आहेत! पहिलंच कलम कायमच्या शांततेचं आणि मैत्रीचं. पुढे वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडायचा, म्हणजे आपलं वऱ्हाड. ते गेलं निजामाच्या पदरात. नांदुऱ्यात कुणाला विचारायला कोण येतंय! आणि भोसल्यांचा निजामाशी किंवा पेशव्यांशी वाद झाला तर निवाडा करणार कंपनी. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंगवाल्यांचाच अंपायर असतो ना, तसं. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला तोफा धडाडल्या आणि 'कायमची' मैत्री संपली.

जगाचंही तेच झालं, राजेहो. २७ ऑगस्ट १९२८ ला पॅरिसमध्ये १५ सह्या झाल्या: राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्ध वापरणार नाही. हा केलॉग-ब्रियां करार. त्यात जर्मनी होता, जपान होता, भारताच्या नावानेही सही होती (केली अर्थात इंग्रजाने). इथे तर अंपायरच नव्हता. तीनच वर्षांत जपान मांचुरियात घुसला. अगदी वाया गेला असंही नाही. न्युरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला तेव्हा याच कराराचा आधार घेतला गेला. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने अंपायर दिला, पण सुरक्षा परिषदेत पाच बड्यांना नकाराधिकार. देवगाव आठवतं की नाही?

मला मात्र एक साधासा करार आवडतो. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तानने ठरवलं, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दर १ जानेवारीला दोघांनी आपापल्या केंद्रांची यादी समोरच्याला द्यायची. १९९२ पासून ती जाते. १९९९ च्या उन्हाळ्यात आपण कारगिलला लढलो, वर्षअखेरीस विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, ३१ डिसेंबरला प्रवासी सुटले. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २००० ला, दोन्हीकडच्या याद्या पोचत्या झाल्या होत्या.