एकच गिऱ्हाईक

नाशिकहून आग्रा महामार्गाने धुळ्याकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. तिथल्या विमान कारखान्याला लोक अजूनही ‘मिग’च म्हणतात. मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले, १७ ऑक्टोबरला ओझरला जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले, तरी नाव तेच. त्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, गोळ्या-चॉकलेटांचे रावळगाव आहे. ओझरचा कारखाना चालवणारी कंपनी आणि रावळगावची गोळी, दोघींचा मूळपुरुष एकच: वालचंद हिराचंद. अग्निबाणाच्या खासगी कंपन्या काढणाऱ्या आजच्या उद्योजकांबद्दल बोलताना आपण धाडस, कल्पकता आणि भांडवल यांतच रमतो. वालचंदांची कारकीर्द मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवते. आकाशात जाणाऱ्या धंद्यात माणसाचे नशीब गिऱ्हाईक ठरवते, आणि ते गिऱ्हाईक बहुतेक वेळा सरकारच असते.

हा धडा वालचंद विमानांच्या कितीतरी आधी शिकले होते. १८८२ साली सोलापूरच्या व्यापारी घराण्यात जन्मलेल्या या माणसाने घरचा कापूस-सावकारीचा धंदा सोडून लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे बोरघाटातले बोगदे खोदले. रूळ, बोगदा, जलवाहिनी या सगळ्यांचे पैसे सरकार, रेल्वे किंवा नगरपालिका देणार, हे आधीच ठरलेले असे. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा पहिल्यांदा उलटा अनुभव आला. जहाज होते, प्रवासी होते; पण ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले आणि इंग्रज सरकारला त्यांचा हात धरण्याचे काही कारण नव्हते. रावळगावचा साखर कारखाना १९३३ चा. आयात साखरेवर संरक्षक जकात बसली ती १९३२ मध्ये. खडकाळ जमीन फोडून ऊस उभा करण्याची जिद्द वालचंदांची, यात वाद नाही. पण साखर परवडू लागली ती जकातीच्या आडोशाने.

मग विमाने. १९३९ मध्ये पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडत होता. तेच भारतात का नको, हा वालचंदांचा प्रश्न होता. म्हैसूर संस्थानाने बंगळूरला जागा आणि भांडवल दिले, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी, म्हणजे आज ओझर चालवणाऱ्या कंपनीचे मूळ, नोंदली गेली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान तयार झाले. तोवर भारत सरकार भागीदार झाले होते, आणि एप्रिल १९४२ मध्ये त्याने वालचंदांचा हिस्साच विकत घेतला. नोंदणीपासून निरोपापर्यंत जेमतेम सोळा महिने. ऑर्डर देणारे आणि कारखाना उचलून नेणारे हात एकच होते.

यावर आक्षेप येईल की युद्ध चालू होते, जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या. लढाऊ विमानांचा कारखाना खासगी मालकाकडे कोण ठेवील? आक्षेप रास्त आहे. पण युद्ध संपले, इंग्रज गेले, तरी कंपनी सरकारजवळच राहिली. सिंदियाच्या विशाखापट्टणममधल्या जहाजबांधणी कारखान्याची वाटही तशीच: १९४८ मध्ये तिथे नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण झाले आणि १९५२ मध्ये सरकारने मोठा हिस्सा घेतला. म्हणजे परक्या राज्यकर्त्यांचा आकस हे सगळे कारण नव्हे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: वालचंद स्वतःच सरकारी आश्रय शोधत असत, मग तक्रार कसली? खरे आहे, आणि म्हणूनच त्यांची कारकीर्द बोलकी आहे. एकुलत्या एका गिऱ्हाइकावर विसंबणे ही त्यांची वैयक्तिक चूक नव्हती; दुसरे गिऱ्हाईक अस्तित्वातच नव्हते.

इलॉन मस्क यांचे उदाहरण याविरुद्ध दिले जाते. त्यांच्या स्पेसएक्सचे पहिले तीन फाल्कन-१ अग्निबाण कोसळले, चौथे २८ सप्टेंबर २००८ रोजी कक्षेत गेले. पण कंपनी तरली ती नासाच्या १.६ अब्ज डॉलरच्या मालवाहतूक करारामुळे. तो जाहीर झाला २३ डिसेंबर २००८ ला. तारखेचा हा योगायोग वालचंदांना आवडला असता. स्टारलिंकच्या उपग्रहांमुळे आज ही कंपनी स्वतःच स्वतःचे गिऱ्हाईक बनली आहे, हे मान्य केले पाहिजे; मात्र तिथवरचा रस्ता नासाच्या दारातून गेला. हैदराबादच्या स्कायरूटचे विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उडाले तेही इस्रोच्या श्रीहरिकोट्यावरून.

वालचंदांचे नाव मात्र अग्निबाणाला खरोखरच लागले, त्यांच्या मृत्यूनंतर. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनत. जाड पत्रा वाकवणे, त्याचा सांधा दाबाखाली फुटणार नाही असा वितळजोड करणे, ही तिथली विद्या. अग्निबाणाच्या घन इंधनाच्या मोटारीचे कवच म्हणजे मुळात प्रचंड दाब सोसणारे नळकांडेच. म्हणून पीएसएलव्हीपासून एलव्हीएम-३ पर्यंतच्या यानांची कवचे तिथे घडू लागली. इथेही घेणारा एकच, इस्रो. गंमत अशी की ज्या धंद्याला गल्लोगल्ली गिऱ्हाइके होती, तो गोळ्यांचा धंदाही घराण्याकडे टिकला नाही. रावळगावची नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतली. आणि ओझर? मिगच्या कारखान्यासाठी ती जागा ठरली तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, आणि १९६३ पासून नाशिकचेच खासदार. तेजसची तिसरी उत्पादन साखळी तिथे आली, तिच्या मागे फेब्रुवारी २०२१ मधली सरकारचीच ८३ विमानांची ऑर्डर होती.