डोळ्यात चुना गेल्यास

तंबाखूच्या चुन्याची पुडी हाती लागली की मूल ती दाबून खेळते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. असे बालरुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा घरचे उपचार बहुधा आधीच झालेले असतात. कुणी तूप घातलेले असते, कुणी दूध, तर कुणी आंबटाने चुना मरतो म्हणून चक्क लिंबू पिळलेले! यातले काहीही करू नये. चुना अल्कली असल्याने तो आम्लापेक्षाही खोलवर बुबुळात शिरतो. त्यामुळे पहिली काही मिनिटे फार मोलाची असतात.

मूल असेल तिथेच पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी. पाण्याने चुना भडकेल ही भीती नको. भरपूर पाण्याने तो वाहून जातो. पापणीआड अडकलेले कण ओल्या कापसाने हलकेच टिपावेत. डोळा चोळू देऊ नये. मग मात्र वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे, पुडीही सोबत घ्यावी. डोळा लाल न होता पांढराफटक दिसला तर 'उतरले' असे समजू नये. तिथल्या रक्तवाहिन्याच जळालेल्या असतात आणि ती इजा अधिक गंभीर असते.