बांगड्यातलं प्रथिन आणि पोरवयातली भीती

बांगडा चिरताना नीट पाहिलंत तर पांढरट मांसात, बगलेच्या मधोमध कातडीलगत, काळपट लाल पट्टा दिसतो. संथपणे, न थकता पोहत राहणं हे त्या पट्ट्याचं काम. संकट आलं की क्षणात उसळी मारतं ते भोवतीचं पांढरं मांस. मालवणच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव बघायला मी वर्षानुवर्षं जातो, आणि हा पट्टा दाखवल्याशिवाय सोबत आलेल्या पाहुण्याला सोडत नाही. कारण त्या पांढऱ्या मांसात ठासून भरलेलं पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे, आणि तिथं ते भीतीला आवर घालणाऱ्या पेशींत सापडतं.

स्नायू आखडतो तो कॅल्शियममुळे. हे कॅल्शियम चटकन उचललं गेलं नाही तर स्नायू सैल पडत नाही आणि शेपटीचा पुढचा फटकारा लांबतो. पार्व्हाल्ब्युमिन ते झटपट पकडून ठेवतं. प्रथिन मोठं चिवट. मासे खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यातल्या बहुतेकांना याचंच वावडं असतं, आणि तिखलं कितीही रटरटवलं तरी त्यात फरक पडत नाही. काळपट मांसात त्याचं प्रमाण बरंच कमी. १९७३ साली क्रेटसिंगर आणि नॉकोल्ड्स यांनी कार्प माशातल्या या प्रथिनाची रचना उलगडली. पुढे १९८१मध्ये सेलिओ आणि हाइझमन यांनी दाखवलं की मेंदूतल्या काही विशिष्ट पेशी ओळखायची खूण म्हणजे हेच प्रथिन. या पेशी सेकंदाला शेकडो वेळा संदेश सोडू शकतात. इतक्या वेगात काम करायचं तर तिथंही कॅल्शियम आवरणारं कुणीतरी हवंच! माशाच्या शेपटीतली सोय निसर्गानं मेंदूतही वापरली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

थोडी पार्श्वभूमी. मेंदूच्या बाह्यकातल्या साधारण पाचांपैकी चार पेशी शेजारणींना चेतवतात, एक थोपवते. थोपवण्याचं मुख्य रसायन ‘गाबा’. ते मेंदूत असल्याचं १९५०मध्ये कळलं.

थोपवणाऱ्या पेशी फक्त ‘गप्प बस’ म्हणतात असं मात्र समजू नका. घाबरल्यावर जागच्या जागी थिजणं ही उपजत क्रिया घ्या. मध्यमेंदूत थिजवणाऱ्या पेशी असतात आणि एरवी त्यांना शेजारच्या गाबा-पेशी दाबून ठेवतात. धोका दिसला की अमिग्डाला या भागातल्या दुसऱ्या गाबा-पेशी या पहारेकरणींनाच गप्प करतात, आणि शरीर थिजतं. उंदरांमधली ही साखळी २०१६मध्ये उलगडली. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरीचा आवाज फुटत नाही, तेव्हा ती नाटक करत नसते. थिजण्याची ही यंत्रणा तिच्या इच्छेची वाट बघत नाही.

पोरवयात हा सगळा कारभार अर्धवट बांधलेला असतो. थोपवणाऱ्यांपैकी पार्व्हाल्ब्युमिनवाल्या पेशी हळूहळू प्रौढ होतात, त्यांच्याभोवती रापणीसारखं एक जाळं विणलं जातं आणि जोडण्या पक्क्या होतात. गोगोला आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रौढ उंदरांच्या अमिग्डालातलं हे जाळं आधी विरघळवलं आणि मग त्यांना भीती शिकवली. ती भीती पुढे कायमची पुसता आली. एरवी प्रौढ उंदरात ती दबते, पण परत डोकं वर काढते. २०१२मध्ये पॅटवेल आणि सहकाऱ्यांना उंदीर आणि माणूस दोन्हींत आढळलं की धोका टळल्यावरही भीती सोडून देणं किशोरांना लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही जड जातं. माणसांत ही मुलं बारा ते सतरा वर्षांची होती. ऐन दहावी-बारावीचं वय!

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेनं दुसरी बाजू तपासली. उंदरांच्या पिल्लांमध्ये जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत अग्रमेंदूतल्या चेतवणाऱ्या पेशींना जास्तीची चेतना दिली, तर मोठेपणी ती चिंतातुर झाली. हाच प्रयोग उशिरा केला तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे कोणत्या वयात काय सोसावं लागतं, याला फार महत्त्व आहे. वैद्य यांना २०२२चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

आपला कोकण विभाग २०१२पासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो. सिंधुदुर्गात त्याचा अभिमान घरोघरी आहे, मलाही आहे. पण त्या टक्क्यांचं ओझं ज्या वयावर पडतं, ते भीती विसरायला सर्वांत कच्चं वय आहे. अशा पोराला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘भायरचा काय तरी लागला’ म्हणून त्याला दारोदार फिरवणं त्याहून वाईट, कारण त्यात उपचाराचे महिने वाया जातात.

घरातलं पोर आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, शाळेचं नाव काढताच छातीत धडधडतं म्हणत असेल, तर त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.