आइन्स्टाइन (आडनाव)

आइन्स्टाइन हे जर्मन भाषेतील एक विरळ आडनाव आहे. ते प्रामुख्याने दक्षिण जर्मनीतील श्वाबेन प्रदेशातल्या ज्यू कुटुंबांशी निगडित असून भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांच्यामुळे जगभर परिचित झाले. नावाची प्रसिद्धी आणि ते धारण करणाऱ्यांची संख्या यांत क्वचितच इतके अंतर आढळते. श्मिट किंवा म्युलर यांसारखी आडनावे जर्मनीत गावोगावी भेटतात. आइन्स्टाइन हे आडनाव मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीही मोजक्या गावांपुरते आणि त्या गावांतून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांपुरतेच मर्यादित होते. नाझी राजवटीनंतर ते आपल्या मूळ प्रदेशातून जवळजवळ नाहीसे झाले.

उच्चार व लेखन

जर्मन भाषेत शब्दाच्या किंवा शब्दघटकाच्या आरंभी येणाऱ्या ‘स्ट’ या जोडाक्षराचा उच्चार ‘श्ट’ असा होतो. त्यामुळे या आडनावाचा मूळ उच्चार ‘आइन्श्टाइन’ असा आहे. मराठीत हे नाव इंग्रजीच्या द्वारे आल्याने ‘स्टाइन’ हाच उच्चार रूढ झाला. मराठी लेखनात आइन्स्टाइन, आइनस्टाइन, आईनस्टाईन अशी अनेक रूपे आढळतात. सतराव्या शतकातील जर्मन नोंदींतही या नावाचे लेखन स्थिर नव्हते. तेथे त्याच्या पहिल्या स्वराचे स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळे, दक्षिण जर्मन लेखनपद्धतीला जवळचे असे दिसते.

व्युत्पत्ती

या आडनावाची फोड ‘आइन’ (एक) आणि ‘श्टाइन’ (दगड) अशी करून त्याचा अर्थ ‘एक दगड’ असा सांगण्याची लोकप्रिय पद्धत आहे. आधुनिक जर्मन भाषेच्या दृष्टीने ही फोड सहज सुचणारी असली, तरी आडनावांचे अभ्यासक वेगळे स्पष्टीकरण देतात. मध्ययुगीन जर्मन भाषेत ‘दगडांनी वेढणे, दगडी कुंपण घालणे’ अशा अर्थाचे एक क्रियापद होते. त्यातील ‘आइन’ हा घटक संख्यावाचक नसून ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग आहे. दगडी कुंपणाने वेढलेल्या जागांना त्यावरून नावे पडली आणि अशा स्थळनामांवरून हे आडनाव सिद्ध झाले, असे या स्पष्टीकरणाचे सार आहे.

‘श्टाइन’ने संपणारी ज्यू आडनावे पुष्कळ आहेत. गोल्डश्टाइन (सोन्याचा दगड) किंवा रुबिनश्टाइन (माणिक) यांसारखी त्यांतील बरीच नावे अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कायद्याने आडनाव घेणे सक्तीचे झाले तेव्हा, श्रुतिमधुर व शोभिवंत म्हणून निवडली गेली. केवळ शेवटच्या घटकाच्या साम्यावरून आइन्स्टाइन हे नावही त्याच वर्गात घालण्याचा मोह होतो. परंतु हे नाव आडनावांच्या सक्तीपूर्वी दीडशे वर्षांहून अधिक काळ वापरात होते. म्हणून ते शोभेसाठी निवडलेल्या नावांत मोडत नाही. ओपेनहाइम गावावरून ओपेनहाइमर किंवा उल्म शहरावरून उल्मान, अशा स्थलवाचक ज्यू आडनावांच्या पंक्तीत ते अधिक योग्य ठरते.

इतिहास

बुखाऊ येथील वास्तव्य

या आडनावाचा सर्वाधिक ज्ञात इतिहास बुखाऊ (आजचे बाड बुखाऊ) या गावाशी जोडलेला आहे. उल्म शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, फेडरझे नावाच्या सरोवराकाठी हे गाव वसले आहे. बोडनझे सरोवराच्या परिसरातून आलेल्या बारुख मोझेस आइन्स्टाइन या व्यापाऱ्याला १६६५ च्या सुमारास बुखाऊमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. आल्बर्ट आइन्स्टाइन यांची पितृवंशावळ त्याच्यापर्यंत नेली जाते.

या पूर्वजाच्या नावाची रचना लक्षणीय आहे. त्या काळी युरोपातील बहुसंख्य ज्यूंना पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव नसे. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडून ओळख सांगितली जाई. ‘बारुख मोझेस’ याचा अर्थ मोझेसचा पुत्र बारुख. त्यापुढे ‘आइन्स्टाइन’ हे कुलनाव येते, म्हणजे या नावात जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती एकत्र दिसतात. पुढे एकाच गावात या आडनावाची अनेक घरे झाल्यावर वडिलांचे नाव मध्ये ठेवणे वेगळ्या कारणाने उपयोगी पडले. आल्बर्ट यांच्या आजोबांची नोंद आब्राहाम रुपर्ट आइन्स्टाइन अशी आढळते. रुपर्ट हे आब्राहाम यांच्या वडिलांचे नाव होते.

आडनावांची सक्ती

जर्मन भाषक राज्यांमध्ये ज्यूंना कायम आडनाव घेण्याची सक्ती एकाच वेळी झाली नाही. ऑस्ट्रियात सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये तसा आदेश काढला. बाडेनमध्ये १८०९, प्रशियात १८१२ आणि बायर्नमध्ये १८१३ साली अशा तरतुदी झाल्या. बुखाऊ हे गाव १८०६ पासून व्युर्टेम्बर्ग राज्यात होते. तेथे १८२८ च्या ज्यूविषयक कायद्याने आडनाव बंधनकारक केले. करवसुली, लष्करभरती आणि जन्ममृत्यूच्या नोंदी यांसाठी राज्यांना प्रत्येक कुटुंबाची स्थिर ओळख हवी होती. नागरी हक्कांच्या मर्यादित विस्ताराची किंमत म्हणूनही ही अट घातली जाई.

बुखाऊच्या आइन्स्टाइन कुटुंबांना या कायद्यामुळे नवे नाव शोधावे लागले नाही. परंतु या काळात आडनावे किती सहज बदलत याचे उदाहरण आल्बर्ट यांच्या मातृकुळातच सापडते. त्यांचे आजोबा युलिउस हे येबेनहाउझेन गावचे. त्यांचे मूळ आडनाव डेर्ट्सबाखर होते. पुढे त्यांनी कोख हे आडनाव स्वीकारले. आल्बर्ट यांची आई पाउलिने त्यामुळे माहेरची कोख ठरली.

प्रसार व स्थलांतर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्युर्टेम्बर्गमधील बहुतेक ज्यू लहान गावांत राहत. व्यवसाय आणि वास्तव्य यांवरील निर्बंध हे त्याचे मुख्य कारण होते. विरळ आडनावे एखाद्याच गावात दाट प्रमाणात आढळतात, ती अशा परिस्थितीमुळे. बाहेर जाण्याची वाट अरुंद, विवाहसंबंध जवळपासच्या ज्यू वस्त्यांपुरते. त्यामुळे एकच आडनाव गावात वाढत जाई, परंतु प्रदेशात पसरत नसे. बुखाऊच्या ज्यू दफनभूमीत आइन्स्टाइन हे नाव कोरलेल्या शिळा मोठ्या संख्येने आहेत. जवळच्या लाउपहाइम गावीही या आडनावाची कुटुंबे होती.

या जवळच्या नात्यागोत्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आल्बर्ट यांच्या द्वितीय पत्नी एल्झा (१८७६–१९३६) यांचा जन्म हेशिंगेन येथे झाला आणि त्यांचे माहेरचे आडनावही आइन्स्टाइनच होते. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी आणि वडील परस्परांचे चुलतभाऊ होते. पहिल्या विवाहाने एल्झा लोवेंथाल झाल्या. १९१९ मध्ये आल्बर्ट यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे सासरचे आणि माहेरचे आडनाव एकच ठरले.

व्युर्टेम्बर्गमध्ये १८६४ साली ज्यूंना नागरी समानता मिळाली. याच सुमारास खेड्यांतून शहरांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. आल्बर्ट यांचे वडील हेर्मान यांचा जन्म १८४७ मध्ये बुखाऊ येथे झाला. ते तरुणपणी उल्म येथे गेले. तेथे १४ मार्च १८७९ रोजी आल्बर्ट यांचा जन्म झाला आणि पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिक येथे स्थायिक झाले. हेर्मान आणि त्यांचे अभियंता बंधू याकोब यांनी तेथे विद्युत उपकरणांचा कारखाना चालवला. तो बंद पडल्यावर १८९४ मध्ये दोघेही इटलीत गेले. गाव, जिल्ह्याचे शहर, महानगर आणि मग परदेश हा या एका घराण्याचा प्रवास त्या पिढीतील अनेक श्वाबियन ज्यू कुटुंबांच्या वाटेला आला. त्याच शतकात दक्षिण जर्मनीतून अमेरिकेकडे मोठे स्थलांतर झाले आणि हे आडनाव तेथेही पोहोचले.

नाझी काळ व त्यानंतर

जर्मनीत १९३३ नंतर हे आडनाव बाळगणे धोक्याचे झाले. आल्बर्ट आइन्स्टाइन हे नाझी प्रचाराचे आवडते लक्ष्य होते. त्याच वर्षी ते जर्मनी कायमची सोडून अमेरिकेत गेले. उल्म नगरपालिकेने १९२२ मध्ये एका रस्त्याला त्यांचे नाव दिले होते. १९३३ मध्ये ते पुसून रस्त्याला तत्त्वज्ञ फिश्टे यांचे नाव देण्यात आले आणि १९४५ मध्ये पुन्हा आइन्स्टाइन हे नाव लावण्यात आले. युद्धानंतर उल्म शहराने त्यांना सन्माननीय नागरिकत्व देऊ केले. ते त्यांनी नाकारले.

ऑगस्ट १९३८ च्या आदेशान्वये, ज्यांची नावे ठळकपणे ज्यू नव्हती अशा ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणे १९३९ च्या आरंभापासून सक्तीचे झाले. शतकभरापूर्वी ज्या राज्यव्यवस्थेने ज्यूंना नागरिक म्हणून नोंदवण्यासाठी आडनावे घ्यायला लावली, तिच्याच उत्तराधिकाऱ्यांनी आता त्यांना नागरिकांतून वेगळे काढण्यासाठी नावाचाच वापर केला. नोव्हेंबर १९३८ मध्ये बुखाऊचे सिनेगॉग जाळण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बांधलेल्या या सिनेगॉगला घंटा होती, ही सिनेगॉगांमध्ये अत्यंत दुर्मीळ गोष्ट होय. गावातील उरलेल्या ज्यूंना पुढील काही वर्षांत छळछावण्यांकडे पाठवण्यात आले.

या आडनावाशी जोडलेली सर्वांत दुःखद घटना इटलीत घडली. याकोब आइन्स्टाइन यांचे पुत्र आणि आल्बर्ट यांचे चुलतभाऊ रोबर्ट आइन्स्टाइन हे फ्लोरेन्सजवळ रिन्यानो सुल्लार्नो परिसरात शेतीवाडी सांभाळून राहत होते. ३ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सैनिकांनी त्यांच्या घरी त्यांची पत्नी आणि दोन मुली यांची हत्या केली. रोबर्ट त्या वेळी लपून राहिल्याने वाचले. त्यांची पत्नी ज्यू नव्हती. आल्बर्ट यांच्याशी असलेले नाते हे या हत्याकांडामागील कारण होते, असे मानले जाते. रोबर्ट यांनी जुलै १९४५ मध्ये आपले जीवन संपवले.

बुखाऊला युद्धानंतर परतलेल्यांत झिग्बर्ट आइन्स्टाइन (१८८९–१९६८) होते. आल्बर्ट यांचे दूरचे नातलग असलेले झिग्बर्ट टेरेझिनश्टाट छावणीतून जिवंत परत आले आणि त्यांनी गावाच्या कारभारातही भाग घेतला. बुखाऊचा शेवटचा ज्यू रहिवासी म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्या मृत्यूबरोबर सुमारे तीनशे वर्षे या गावात नांदलेले आडनाव तेथील दफनभूमीपुरते उरले.

सद्यःस्थिती

आज हे आडनाव जर्मनीत अत्यंत विरळ आहे. ते धारण करणारी कुटुंबे प्रामुख्याने अमेरिकेत आढळतात. एकच आडनाव असलेल्या सर्व व्यक्ती आल्बर्ट यांच्या नातलग असतात, असा समज सर्वत्र दिसतो. तो बरोबर नाही. स्थळनामावरून पडलेले आडनाव परस्परांशी संबंध नसलेल्या घराण्यांतही असू शकते आणि नाते असले तरी ते अनेकदा कित्येक पिढ्यांमागचे असते.

नावाच्या प्रसिद्धीमुळे काहींनी ते टाळलेही आहे. अमेरिकन अभिनेते व दिग्दर्शक आल्बर्ट ब्रुक्स यांचे जन्मनाव आल्बर्ट आइन्स्टाइन असे होते. व्यवसायासाठी त्यांनी आडनाव बदलले. त्यांचे बंधू, विनोदी अभिनेते बॉब आइन्स्टाइन यांनी मात्र मूळ आडनाव कायम ठेवले.

उल्लेखनीय व्यक्ती

• आल्फ्रेड आइन्स्टाइन (१८८०–१९५२): म्युनिक येथे जन्मलेले संगीतशास्त्रज्ञ. मोझार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीची १९३७ ची सुधारित आवृत्ती त्यांनी सिद्ध केली.
• आल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५): भौतिकशास्त्रज्ञ, सापेक्षता सिद्धान्ताचे जनक. १९२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक.
• एडिथ आइन्स्टाइन: भौतिकशास्त्रज्ञ, याकोब यांच्या कन्या.
• कार्ल आइन्स्टाइन (१८८५–१९४०): लेखक व कलासमीक्षक. आफ्रिकी शिल्पकलेवरील त्यांचा १९१५ चा ग्रंथ युरोपीय कलाविचारात महत्त्वाचा मानला जातो. १९४० मध्ये फ्रान्स नाझींच्या हाती पडल्यावर सुटकेचा मार्ग न उरल्याने त्यांनी आत्महत्या केली.
• बॉब आइन्स्टाइन (१९४२–२०१९): अमेरिकन विनोदी अभिनेते व लेखक.
• माया आइन्स्टाइन (१८८१–१९५१): आल्बर्ट यांच्या भगिनी. विवाहानंतर विंटेलर.
• हान्स आल्बर्ट आइन्स्टाइन (१९०४–१९७३): आल्बर्ट यांचे पुत्र. नद्यांतील गाळाच्या वहनाचे अभ्यासक, कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली येथे प्राध्यापक.

नावाचे अन्य उपयोग

अणुक्रमांक ९९ असलेल्या मूलद्रव्याला आइन्स्टाइनियम हे नाव आल्बर्ट यांच्या गौरवार्थ देण्यात आले. हे मूलद्रव्य १९५२ मधील उष्माण्विक चाचणीच्या अवशेषांत सापडले. २००१ क्रमांकाच्या लघुग्रहालाही त्यांचे नाव आहे. मराठीसह अनेक भाषांत ‘आइन्स्टाइन’ हा शब्द कुशाग्र बुद्धीच्या, काही वेळा उपहासाने अतिशहाण्या, व्यक्तीसाठी सामान्यनामासारखा वापरला जातो.

गणितातील ‘आइन्स्टाइन’ मात्र त्यांच्या नावावरून आलेला नाही. एकाच आकाराच्या फरशा वापरून, रचनेची नियमित पुनरावृत्ती कधीही होऊ न देता, संपूर्ण प्रतल झाकता येईल का, असा एक प्रश्न गणितज्ञांपुढे दीर्घकाळ होता. अशा आकाराला ‘एक दगड’ या जर्मन शब्दांवर कोटी करून आइन्स्टाइन म्हटले जाऊ लागले. २०२३ मध्ये डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोपी’ या नावाने ओळखला जाणारा तेरा बाजूंचा असा आकार मांडला. आडनावाच्या बाबतीत केवळ लोकप्रिय ठरलेली ‘एक दगड’ ही फोड या संज्ञेच्या बाबतीत मात्र अक्षरशः खरी आहे.