पाहुणे विचारतील, मुलं सांगतील : सिंधुदुर्गची ओळख पाण्याच्या वाटेने



१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला आपला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. "जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे सांगा" म्हटलं की मुलं आंबोली, तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला अशी नावं घडाघडा म्हणतात. पण "ते तिथेच का?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. किनाऱ्यावरच्या गावांत कुणाच्या घरी न्याहारी-निवास असतो, कुणाचे बाबा होडी चालवतात. पाहुण्यांचे प्रश्न याच मुलांना येतात. म्हणून हा घटक यादी पाठ करून न घेता पाण्याच्या वाटेने शिकवून बघा. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा आणि घाटावरून समुद्राकडे या.

१) आंबोली : उंची सुमारे ६९० मीटर. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि बरसतात. म्हणून इथे एवढा पाऊस आणि एवढे धबधबे. गंमत अशी, की इथे उगम पावणारी हिरण्यकेशी जवळच्या अरबी समुद्राकडे येत नाही. ती पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते, पुढे कृष्णेतून तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं! तिच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाच्या नव्या जातीची नोंद २०२० मध्ये झाली. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली.

२) धामापूर तलाव (ता. मालवण) : पाऊस भरपूर, पण उतारामुळे पाणी धावत समुद्राला जातं. ते अडवायला १५३० साली गावकऱ्यांनी हा तलाव बांधला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

३) तारकर्ली-देवबाग : इथे कर्ली नदी समुद्राला मिळते. नदी आणि लाटा यांनी आणून टाकलेल्या वाळूची ही चिंचोळी पट्टी. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. वाळूचीच जमीन असल्याने लाटा ती खातातही. देवबागकरांना हे वेगळं सांगायला नको.

४) सिंधुदुर्ग किल्ला : २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, १६६७ मध्ये काम पूर्ण झालं. चहूकडे खारं पाणी, तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. (बाव म्हणजे विहीर, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही, पाहुण्यांना लागतं.) बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर राहू शकतं, हे तत्त्व इथे समजावता येतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे आपले दोन आहेत.

५) मालवणचे प्रवाळ : किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे, ती लहान लहान सजीवांची वसाहत. वाढ अगदी हळू. पाय ठेवला किंवा नांगर टाकला की क्षणात तुटते आणि भरून यायला वर्षं लागतात.

'का' शिकवण्याचं खरं कारण इथे आहे. ज्या मुलाला प्रवाळ जिवंत आहे हे माहीत आहे, तेच मूल पाहुण्याला "काका, त्यावर उभे राहू नका" असं सांगेल. पर्यटनावर घर चालत असेल, तर ही ठिकाणं टिकणं हा पोटाचाही प्रश्न आहे.

उपक्रम : प्रत्येक गटाला एक ठिकाण द्या आणि तीन वाक्यं तयार करायला सांगा : इथे काय आहे? ते इथेच का आहे? ते टिकावं म्हणून पाहुण्याने काय करू नये? पालकांनी घरी पाहुणा बनून हेच प्रश्न विचारावेत. उत्तर मालवणीत आलं तरी चालेल.