उताऱ्यावर न दिसणारा ओढा

२०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या दिरांनी बेळगावच्या दक्षिणेकडे एक प्लॉट पसंत केला. जमीन सपाट, रस्ता रुंद, एनए झालेली, उताराही स्वच्छ. विसार देऊन झाला होता. "वहिनी, तुम्ही भूगोल शिकवता, जरा बघा तरी," म्हणून त्यांनी लेआऊटचा कागद माझ्यापुढे ठेवला.

मी कॉलेजच्या कपाटातून भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा आणला, मैलाला एक इंच प्रमाणाचा. तो वाचायला फार विद्या लागत नाही. पिवळा रंग म्हणजे पिकाखालची जमीन, हिरवा म्हणजे रान, तांबडा म्हणजे वस्ती आणि रस्ते. बारमाही पाणी निळे असते. पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा मात्र काळ्या रेघेने दाखवतात, आणि तिथेच नजर चुकते. तपकिरी रेषा समान उंचीच्या. त्या दूर दूर असल्या तर जमीन सपाट. त्या चढाच्या दिशेला टोक करून वळल्या, की तिथून पाणी उतरते असे समजावे.

प्लॉटच्या जागी पिवळ्या रंगावर अशीच बारीक काळी रेघ होती. बाजूचे इंग्रजी नाव वाचून दीर म्हणाले, "कुठली तरी हळ्ळी दिसते."

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "हळ्ळी नव्हे रे, हळ्ळ!" खेडे नव्हे, ओढा. लहानपणी त्या भाताच्या लावणीला त्याच शिवारात जात. "हळ्ळद दारी हळ्ळक्क गोत्तु," त्या म्हणाल्या. ओढ्याची वाट ओढ्याला ठाऊक असते.

दिरांनी विसारावर पाणी सोडले. घरात आठ दिवस कुणी नीट बोलले नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पावसात त्या लेआऊटमधल्या घरांत गुडघाभर पाणी शिरले. आम्ही सुटलो, पण आनंद वाटला नाही. आमच्या जागी तो प्लॉट घेणाऱ्या कुटुंबाला तो नकाशा कुणी दाखवला नव्हता. मीही नाही.

म्हणून आता कुणीही विचारले की सांगते : उतारा मालक कोण ते सांगतो, पाणी कुठून जाते ते सांगत नाही. जुना नकाशा पाहा, गावातल्या वडीलधाऱ्यांना मराठीत आणि कन्नडातही विचारा, आणि प्लॉट बघायला एकदा तरी भर पावसात जा.